एक आण्याचे ब्रिगेडियर

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : 'रविवारी सायं. 6 वाजता गच्चीवर 4 टँक येणार आहेत. सर्वांनी सहकार्य करावे.' मुलुंड पूर्व, मे महिना, त्यात पाणीकपात. रविवारी पाच वाजल्यापासून जिन्यात बादल्या, कळश्या आणि निळी पिंपं लागली. टँकर गच्चीवर चढणार कसा, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. पाणीकपातीत माणूस असले प्रश्न विचारत नाही. साडेपाचला तीन पुरुष पाठीवर क्रिकेटच्या किटबॅगा घेऊन लिफ्टने वर गेले. थोड्या वेळाने वरून तोफांचे आवाज आले, मशिनगन तडतडली, पांढरट धुराचे लोट कठड्यावरून दिसले. पाणी तेवढं आलं नाही.

मेसेज ब्रिगेडियरांचा होता आणि त्यांच्या मते त्यात कानामात्रेची चूक नव्हती. चार टँक येणार होते, चार आले. "पाण्याचे असं मी कुठे लिहिलं होतं?" त्यांनी सेक्रेटरींना विचारलं. ज्याने उभी हयात महापालिकेच्या पाणी खात्यात काढली, त्याच्या मेसेजमधल्या टँकचा लोक दुसरा काय अर्थ घेणार, हे सेक्रेटरींना त्या रागात सुचलं नाही.

ब्रिगेडियर बरोबर आमच्या डोक्यावर राहतात, तिसऱ्या मजल्यावर. सैन्याशी त्यांचा संबंध इतकाच, की शाळेत एनसीसीत नाव घातलं होतं आणि बूट चावले म्हणून आठवड्यात काढून घेतलं. नोकरी पस्तीस वर्षं, त्यातली बरीचशी रात्रपाळी. काम गळती शोधण्याचं. रात्री दोन-अडीचला रहदारी थांबली की लोखंडी दांडा रस्त्यावर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि ऐकत बसायचं. खाली पाणी सरळ चाललं असेल तर एक आवाज, पाइप फुटला असेल तर दुसरा. "फुटलंय!" हा शब्द त्या काळापासून त्यांच्या तोंडात बसला आहे. इतर लोक तो ज्या चेहऱ्याने उच्चारतात त्या चेहऱ्याने ते उच्चारत नाहीत. लॉटरीचा नंबर जुळल्यावर माणूस "लागलंय!" म्हणतो, तसं ते "फुटलंय!" म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

निवृत्त झाले त्या वर्षी सत्यनारायणाच्या प्रसादाला ते सहज म्हणाले, "आता घरात तीन रणगाडे झालेत." कोणीतरी शिऱ्याचा घास तोंडात असताना म्हणालं, "मग काय, ब्रिगेडियरच झालात की!" त्यावर त्यांनी द्रोण खाली ठेवून समजावून सांगितलं, की तीन रणगाड्यांचा एक ट्रूप होतो, ट्रूपचा प्रमुख फार तर लेफ्टनंट किंवा जेसीओ, चौदांचा स्क्वाड्रन, पंचेचाळीसांची रेजिमेंट, आणि ब्रिगेडियर व्हायला अशा दोन-तीन रेजिमेंटा लागतात. तोपर्यंत अर्धी मंडळी चपला शोधत होती. पद चिकटलं ते चिकटलं. बढती नको म्हणून इतका वाद घालणारा कर्मचारी महापालिकेला दुसरा मिळाला नसेल.

ते स्वतः कधी 'टँक' म्हणत नाहीत, 'रणगाडा' म्हणतात. मेसेजमध्ये 'टँक' लिहिलं ते फक्त टाइप करायला सोपं म्हणून. पण त्या शब्दावर त्यांचं एक व्याख्यान आहे आणि ते सोसायटीतल्या प्रत्येकाने निदान दोनदा ऐकलं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे यंत्र गुपचूप बांधायला घेतलं. बाहेर सुगावा लागू नये म्हणून कारखान्यात सांगितलं, की या पाणी वाहून नेण्याच्या टाक्या आहेत. त्यावरून नाव पडलं टँक. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत त्या टाक्या पहिल्यांदा चालून गेल्या, तेव्हा आत पाणी नाही हे जर्मनांना कळलं. "आणि मुळात टँक हा शब्द तरी कुठला?" इथे ते एक बोट वर करतात. कोशकार सांगतात की तो इंग्रजीत गेला तो आपल्याकडूनच, मराठीतलं टाकं आणि गुजरातीतली टांकी यांच्यावरून, पोर्तुगीजांचाही थोडा हात लागून. म्हणजे आपलं टाकं विलायतेला गेलं आणि तोफ लावून परत आलं. "पाणी खातं आणि रणगाडे यांच्यात फरक नाही हो. मी खातं बदललेलंच नाही." दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती शेजारी शब्द गुजरातीच असल्याचं सांगतात. हा तंटा सहा वर्षं चालू आहे आणि दोन्ही पक्षांना तो मिटायला नको आहे.

आता त्यांचे रणगाडे. सगळे एकास सोळा मापाचे. ब्रिगेडियरांनी हे माप बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, एका वाक्यात पटवलं होतं : रुपयाचे आणे सोळा, खरा रणगाडा रुपया आणि आपला आणा. लांबी एक आणा, रुंदी एक आणा, चाक एक आणा. वजन मात्र आण्याच्या आण्याचा आणा, कारण ते तिन्ही बाजूंनी घटतं. सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, चार हजार शहाण्णव. खरा विजयंता सुमारे 39 टनांचा, म्हणून आपला साडेनऊ किलोच भरला पाहिजे. प्लास्टिक आणि सनबोर्डचा रणगाडा साडेनऊ किलो कुठून भरणार? पोटात शिसं ओतलं. गच्चीची लिफ्ट बंद असते तेव्हा तो वर नेण्याचं काम माझ्याकडे येतं, म्हणून ही आकडेमोड मला पाठ आहे.

एकास पस्तीस मापाचे शोभेचे रणगाडे बांधणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. त्याचंही कारण आहे. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं खेळणं काढलं, ते मोटरवर चालायचं. पोटात बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, नंतर मोजून पाहिलं तर तो एकास पस्तीस भरला. पुढे तेच साऱ्या जगाचं माप झालं. "जगाने बॅटरीवरून माप घेतलं! आपल्याकडे कोणी टाकीच्या झाकणावरून पाइपलाइन आखतं का?" याच तामियाने 1974 मध्ये रेडिओवर चालणारा एकास सोळाचा लेपर्ड काढला, तेव्हा ब्रिगेडियरांनी त्यांना माफ केलं.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे बंद केलेली गॅलरी, साडेतीन फूट बाय आठ. वॉशिंग मशिन हेच टेबल. त्यावर एक जुना पोळपाट, आणि पोळपाटावर रणगाडा. पोळपाट फिरतो म्हणून रणगाडा चारी बाजूंनी रंगवता येतो. वहिनींनी नवा पोळपाट आणला तेव्हा त्याच्या मागे 'स्वयंपाक' असं मार्करने लिहून ठेवलं. सोल्डरिंग गन, कथिलाचं रीळ, एम-सीलच्या अर्धवट कांड्या, सुईच्या टोकाएवढे स्क्रू औषधाच्या रिकाम्या स्ट्रिपांत, प्रत्येक खळग्यात एक. तोफेची नळी ही पूर्वी ॲक्वागार्डची नळी होती. धूर काढणाऱ्या यंत्राला खनिज तेल लागतं, ते बेबी ऑइलमध्ये मिळतं. स्टेशनजवळच्या केमिस्टाकडे ते दर महिन्याला बेबी ऑइलची बाटली मागायचे. तिसऱ्या महिन्यात केमिस्टाने विचारलं, "काय काका, नातू की नात?" ब्रिगेडियर म्हणाले, "टी-72." ही बातमी मुलुंड पूर्वेत दोन दिवसांत फिरली. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या सुनेला तीन अभिनंदनाचे फोन गेले. ती अजून सासऱ्यांशी त्या विषयावर बोललेली नाही.

विजयंताचं वेड कसं लागलं ते सांगायला हवं. दुकानात जर्मन टायगर दहा प्रकारचे मिळतात. विजयंता, म्हणजे विकर्स कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळ आवडी इथल्या कारखान्यात 1965 पासून बांधलेला, भारतात तयार झालेला पहिला रणगाडा, त्यांना कुठे मिळेना. लॅमिंग्टन रोडला मिळेना, परदेशी यादीत मिळेना. "निवृत्त माणसाने निवृत्त रणगाडाच बांधावा," असं ठरवून त्यांनी तो शून्यातून करायला घेतला. मापं हवी होती. त्यांनी वहिनींना शिर्डीच्या दर्शनाला नेलं.

शिर्डीत दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि गाडी मुंबईच्या रस्त्याला लागण्याऐवजी नगरच्या रस्त्याला लागली. अहिल्यानगरला चिलखती दलाचं केंद्र आहे. तिथलं रणगाडा संग्रहालय 1994 पासून उघडं आहे. उन्हात ओळीने रणगाडे उभे आहेत : शर्मन, सेंच्युरियन, चर्चिल, व्हॅलेंटाइन, रोल्स रॉइसची चिलखती मोटारसुद्धा. आणि विजयंता. ब्रिगेडियरांनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. शिर्डीत गर्दीमुळे घालता आली नव्हती, ती इथे घातली असं वहिनी म्हणतात. टेप लावून मोजायला कसंतरी वाटलं, म्हणून त्यांनी वहिनींना रणगाड्याशेजारी उभं करून फोटो काढले. वहिनी पाच फूट एक इंच. फोटोत वहिनी किती मिलिमीटर आणि चाक किती मिलिमीटर, त्यावरून त्रैराशिक. पुढून वहिनी, मागून वहिनी, प्रत्येक चाकापाशी वहिनी. एका बाजूला सहा चाकं. घरी त्या फोटोंचा आल्बम आहे. वहिनी पाहुण्यांना दाखवतात : "हे आमचं महाबळेश्वर, हे आमचं काश्मीर, आणि ह्या सत्तेचाळीस फोटोंत मी फूटपट्टी आहे."

एक मोटर आणि गिअरबॉक्स मात्र बाहेरून मागवावा लागला. सोबत पट्टे होते, चाकं होती, म्हणजे जवळजवळ अर्धा रणगाडाच. तो अडकला. खेळण्यांवरची आयात जकात आधी 20 टक्के होती, 2020 मध्ये 60 झाली, 2023 मध्ये 70. शिवाय 2021 पासून खेळण्यांना मानक ब्यूरोचा शिक्का लागतो. तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, "हे खेळणं आहे का?" ब्रिगेडियरांच्या आयुष्यातला हा सर्वात कठीण प्रश्न. हो म्हणावं तर सत्तर टक्के आणि शिक्का, शिवाय स्वतःच्या तोंडाने खेळणं म्हणायचं. नाही म्हणावं तर मग काय आहे? रणगाडा म्हणावं तर पुढचा अर्ज संरक्षण मंत्रालयाला. वीस मिनिटं विचार करून त्यांनी लिहून दिलं : 'सदर वस्तू खेळणे नसून खेळण्याच्या आकाराची आहे.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, बाजूच्या साहेबांना वाचून दाखवलं, आणि जकात पूर्ण लावली.

विजयंता तयार झाला तेव्हा त्याला मळवायचं काम सुरू झालं. हे बाहेरच्यांना समजत नाही. नवा कोरा रणगाडा या लोकांत बघवत नाही. तो लढून आलेला दिसला पाहिजे. ब्रिगेडियरांनी तीन रविवार नुसता चिखल लावला. स्पंजाच्या तुकड्याने कडांवरचा रंग उडाल्याचा भास केला, कॉफीच्या चोथ्याने गंज केला, खडूच्या चुऱ्याने धूळ केली. माती नगरची, येताना डब्यात भरून आणलेली. पुढच्या चाकांवर ओला चिखल, मागच्या चाकांवर सुकलेला, कारण नाला पुढून ओलांडला होता. कुठला नाला ते मी विचारलं नाही. मंगळवारी सकाळी ते बँकेत गेले. परत आले तर विजयंता पोळपाटावर चकचकीत. कामाच्या मावशींनी घासणीने घासून, भांड्यांचा साबण लावून, कोरड्या फडक्याने पुसून ठेवला होता. "केवढा मळला होता हो काका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला वेळ होत नाही, म्हटलं आपणच करू." ब्रिगेडियर खुर्चीत बसले. वहिनी सांगतात, की लग्नानंतर पहिल्यांदाच ते दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग त्यांनी मावशींना शंभर रुपये दिले, कारण चाकांच्या आतल्या बाजूसुद्धा त्यांनी स्वच्छ केल्या होत्या आणि तिथे त्यांचा स्वतःचा ब्रश कधी पोचला नव्हता. दुसऱ्या दिवशी चिखलाला नव्याने सुरुवात. आता विजयंतावर चिठ्ठी असते : 'हा मळ नाही.'

दिवाळीत खाली मुलं रायगड करतात. गेल्या साली त्यांनी काकांकडे रणगाडा मागितला, महादरवाजावर ठेवायला. काकांनी मुलांना खाली बसवून विचारलं, "राज्याभिषेक कधी?" "1674." "रणगाडा कधी?" "1916." "मग?" मुलांची तोंडं पडली. तेवढ्यात त्यांचं लक्ष गंगासागर तलावाकडे गेलं. सलाइनच्या बाटलीचं कारंजं केलं होतं, त्याची नळी सांध्यात गळत होती. "फुटलंय!" असं ओरडून ते चिखलात गुडघ्यांवर बसले. रात्री साडेनऊपर्यंत तिथेच होते. त्या वर्षी आमच्या रायगडावर टेफ्लॉन टेप आणि दोन वॉल्व्ह होते, आणि वाहतं पाणी पाहायला बी विंगेची माणसं येत होती.

आता लढाई. पूर्वी तोफेतून सहा मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या सुटायच्या. एक गोळी सेक्रेटरींच्या पाठीला लागल्यापासून ते शस्त्र सोसायटीच्या ठरावाने बंद झालं. आता मारा टीव्हीच्या रिमोटसारख्या न दिसणाऱ्या किरणांनी होतो. रणगाड्याच्या माथ्यावर एक बोंड असतं, त्यावर किरण पडला की रणगाडा थरथरतो, दिवे लुकलुकतात, आणि प्रत्येक तडाख्याबरोबर तो मंदावतो. हलका रणगाडा तीन तडाख्यांत मरतो, मध्यम सहांत, जड नऊंत. उन्हात हे किरण निकामी होतात. म्हणून शेजारच्या नव्या टॉवरची सावली आमच्या गच्चीवर पसरेपर्यंत थांबावं लागतं. त्या टॉवरने सगळ्यांचं ऊन खाल्लं म्हणून सोसायटी कोर्टात जायच्या तयारीत आहे. सह्या न करणारे एकटे ब्रिगेडियर.

प्रतिस्पर्धी तिघे. घाटकोपरचे शेठ, भांड्यांचा घाऊक व्यापार. त्यांचा टायगर सिंगापूरहून आलेला, अख्खा धातूचा. तो त्यांनी कधी उघडलेला नाही, वॉरंटी जाईल म्हणून. बोरिवलीचे मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचा टी-34 इतका सुंदर रंगवलेला, की त्याच्यावर मारा करायला हात धजत नाही, आणि मास्तर नेमके याच भांडवलावर जिंकतात. तिसरा अंधेरीचा पोऱ्या, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पवईच्या आयआयटीत टेकफेस्टला यंत्रमानवांच्या कुस्त्या होतात, त्यात कटर लावलेलं यंत्र घेऊन उतरलेला. त्याने अर्जुन थ्रीडी प्रिंटरवर छापून काढला आहे. तो रणगाडा रिक्षासारखा चालवतो, अंधेरीच्या रिक्षासारखा. ब्रिगेडियर त्याला परोपरीने सांगतात, की अर्जुन साठेक टनांच्या घरातला, असा गिरकी घेत नाही. पोऱ्या म्हणतो, "काका, बॅटरी सांगते घे."

पोऱ्या अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला उतरतो आणि तिथून लोकल पकडतो. एकदा तपासणीच्या यंत्रात त्याची किटबॅग गेली आणि पडद्यावर तोफेसकट रणगाडा उभा राहिला. पहाऱ्यावरच्या माणसाने विचारलं, "ये क्या है?" "टँक है." "पानी का?" शेवटी बॅग उघडली. अर्जुन बाहेर काढला, फरशीवर हातभर चालवून दाखवला. मागे रांग तुंबली, पण रांगेतल्या एकानेही कुरकुर केली नाही. मुंबईच्या रांगेबद्दल याहून मोठं विधान मला करता येणार नाही.

लढाईच्या आधी अर्धा तास इतिहास. पश्चिम रेल्वे विरुद्ध मध्य रेल्वे असा हा सामना असतो. पूना हॉर्स या रेजिमेंटला दोन परमवीर चक्रं मिळाली : 1965 साली चाविंडाच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, 1971 साली बसंतर नदीकाठी सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. दोघांनाही मरणोत्तर. खेतरपालांचा 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन नगरला जपून ठेवला आहे, आणि त्याच्याविषयी बोलताना चौघेही आवाज खाली आणतात. आवाज चढतो तो पुढे. ब्रिगेडियर म्हणतात पूना म्हणजे पुणे, म्हणजे आमची लाइन. मास्तर म्हणतात, तारापोर नाव ज्या तारापूरवरून आलं ते पालघर जिल्ह्यात, बोईसरला उतरायचं, म्हणजे आमची लाइन. शेठ घाटकोपरचे, मेट्रोमुळे दोन्हीकडचे. ते भेळ वाटतात.

आणि एकदा का लढाई सुरू झाली, की ब्रिगेडियर हरतात. दर वेळी हरतात. गच्चीला चिनी मोझॅक आहे, पांढऱ्या गुळगुळीत फुटक्या फरश्यांचं. त्यावर पट्टे घसरतात. साडेनऊ किलोचा विजयंता वळताना पट्टा उतरतो, सायकलची चेन उतरावी तसा. तिथे तो अडकतो, आणि टायगर, टी-34, अर्जुन तिघेही त्याला सहा तडाखे मोजून देतात. मला आधी त्यांची कीव यायची. मग एकदा त्यांचा चेहरा पाहिला. सहावा तडाखा बसला, विजयंता थरथरून गप्प झाला, पोऱ्या नाचायला लागला. ब्रिगेडियरांनी खिशातून लांब पेचकस काढला, टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गच्चीवर सगळे थांबले. मिनिटभराने त्यांनी डोळे उघडले आणि अत्यानंदाने म्हणाले, "फुटलंय! दुसऱ्या गिअरचा दात गेलाय!"

तेव्हा मला कळलं. शेठ लढाईसाठी रणगाडा आणतात. ब्रिगेडियर रणगाडा फुटावा म्हणून लढाई भरवतात. शेठचा टायगर चार वर्षं जिंकतो आहे, आणि शेठना तो आतून कसा आहे हे माहीत नाही. ब्रिगेडियरांना विजयंताचा एकेक दात ठाऊक आहे, कारण प्रत्येक किमान एकदा तुटलेला आहे. लढाईच्या रात्री अकराला आमच्या छतावर बारीक घरघर सुरू होते. आमची ही म्हणते, "फुटलं वाटतं. चला, आता आठवडाभर वहिनींना शांतता."

या मे महिन्यात मात्र लढाईला गालबोट लागलं. गच्चीच्या पूर्व कोपऱ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजींचे साबुदाण्याचे पापड जुन्या साडीवर वाळत होते, सकाळी घातलेले, अजून ओलसर. विजयंताला चौथा तडाखा बसला, तो मागे हटला, डावा पट्टा जरा जास्त फिरला, आणि माघार पापडांवरून झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. अठ्ठावीस पापड.

आजी वर आल्या. आजींचा नातू पाचपासून बादली घेऊन रांगेत उभा होता हे आधीच त्यांच्या खात्यावर होतं. त्यांनी साडीकडे पाहिलं, विजयंताकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "अन्न आहे. टाकणार नाही." पापड त्यांनी तसेच वाळवले. पुढच्या रविवारी तळले आणि ताट भरून तिसऱ्या मजल्यावर पाठवले, स्वतःही मागोमाग गेल्या, तोंड बघायला. मीही होतो.

साबुदाण्याचा पापड तेलात पडला की दुप्पट होतो, हे आपल्याला माहीत आहे. त्याच्यावर जे असेल तेही दुप्पट होतं. प्रत्येक पापडावर पट्ट्याची एकेक कडी फुललेली, खिळ्यासकट. ब्रिगेडियरांनी एक पापड उचलला, खिडकीकडे धरला. दुसरा उचलला, त्याच्याशेजारी धरला. चेहरा बदलला. त्यांनी आल्बम मागवला, वहिनींचे डावीकडचे फोटो काढले, चष्मा कपाळावर नेला. "वहिनी इथे उभ्या आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणाले. "कडीचं टोक पुढे. आणि पापडावर मागे." डावा पट्टा दोन वर्षं उलटा बसवलेला होता. म्हणूनच तो वळताना उतरत होता, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं पेचकस कानाला लावून जे ऐकू आलं नाही ते पापडाने दाखवलं.

त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला. मग दोन्ही पापड खाल्ले. पुरावा म्हणून ठेवायला हवे होते, पण आजींच्या हाताला चव आहे.

परवा पुन्हा मेसेज आला. या वेळी भाषा तपासून घेतलेली : 'रविवारी सायं. 6 वा. गच्चीवर 4 रणगाडे येणार आहेत. पाणी येणार नाही. विजयंताचा डावा पट्टा सुलटा बसवला आहे.' खाली सेक्रेटरींचा निषेध, शेजाऱ्यांचा 'टांकी' असा एका शब्दाचा खुलासा, मास्तरांचा नमस्काराचा हात. आणि सगळ्यात शेवटी आजींचा, नातवाकडून टाइप करून घेतलेला : 'रविवारी सकाळी पापड घालते आहे. नक्षीचे माझ्या मुलीला फार आवडले. दोन फेऱ्या मारा. पट्टे तेवढे धुऊन आणा.'